भीमा खोऱ्यातील मासे आणि जनुकांची जोडी : पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीनोममध्ये द्विरावृत्त जनुके कशी टिकतात?

प्रस्तावना :

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हा ऊसपट्ट्यातील भाग. येथील शेतकऱ्यास 'को ८६०३२' ही जात 'नीरा' या नावाने परिचित आहे. फडात उभ्या असलेल्या या उसाकडे जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पूर्वीच्या जाड, रसाळ उसाच्या पेशीत ८० गुणसूत्रे असत. कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र स्थापन झाल्यावर रानटी काशाच्या जातीशी त्याचा संकर घडवण्यात आला, आणि आज लागवडीखाली असलेल्या संकरित जातींत गुणसूत्रांची संख्या साधारणपणे १०० ते १३० इतकी आढळते. एकाच जनुकाच्या आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक प्रती एका पेशीत नांदत असतात. गहू, कापूस, ऊस ही आपली नित्याची पिके अशीच बहुगुणित आहेत. त्यामुळे वनस्पतीच्या बाबतीत गुणसूत्रसंच वाढला असे म्हटले तर कोणासही नवल वाटत नाही.

मात्र याच परिसरातून वाहणाऱ्या भीमेच्या पाण्यातील माशांबाबत हेच विधान केले, तर विद्यार्थी चमकतात. बाजारात रोहू, कटला, मृगळ यांच्याच शेजारी टोपलीत पडलेला सायप्रिनस पाहावा. रोहू, कटला व मृगळ या तिन्ही माशांच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात. सायप्रिनसच्या पेशीत १००. भीमेच्या वरच्या खोऱ्यात पूर्वापार राहणाऱ्या महसीर माशाच्या पेशीतही १००. आकार, खवले, पर यांवरून हे सारे एकाच कुळातील भाऊबंद वाटतात आणि आहेतही. पण त्यांतील काहींच्या पेशीत जनुकांची संपूर्ण पोथी दोनदा लिहिलेली आहे.

ही दुसरी पोथी आली कोठून, आल्यावर तिचे काय झाले, तिच्यातील कोणती पाने फाटली आणि कोणती जपली गेली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न केवळ माशांपुरता नाही. मानवासह सर्व पृष्ठवंशी प्राण्यांचा जीनोम अशाच जुन्या द्विगुणनातून घडला आहे, आणि आपल्या रक्ताच्या आजारांपासून नदीतील दुर्मीळ माशाच्या संवर्धनापर्यंत अनेक ठिकाणी त्याचे परिणाम भोगावे लागतात.

जनुकाची प्रत तयार होते कशी?

जनुकाची दुसरी प्रत निर्माण होण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी समजात गुणसूत्रे परस्परांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. ही अदलाबदल नेमक्या समोरासमोरच्या जागी न होता थोडी सरकून झाली, तर एका गुणसूत्रास जनुकाची जादा प्रत मिळते व दुसऱ्याची एक प्रत कमी होते. फळमाशीच्या डोळ्याचा आकार बदलणारा 'बार' हा गुणधर्म अशाच शेजारी-शेजारी झालेल्या द्विरावृत्तीमुळे येतो, हे कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९३६ मध्ये गुणसूत्रावरील पट्टे पाहून दाखवले. दुसऱ्या मार्गात जनुकापासून तयार झालेल्या आरएनएची उलट नक्कल होऊन ती जीनोममध्ये भलत्याच जागी जाऊन बसते. अशा प्रतीस स्वतःचा चालू-बंद करणारा भाग नसल्याने ती बहुधा जन्मतःच मुकी असते. तिसरा मार्ग सर्वांत व्यापक आहे. विभाजन अपुरे राहिल्याने, किंवा दोन भिन्न जातींचा संकर होऊन नंतर गुणसूत्रसंख्या दुप्पट झाल्याने, संपूर्ण जीनोमच दुहेरी होतो.

पहिल्या मार्गात एखादे जनुक एकटे दुप्पट होते. तिसऱ्या मार्गात त्याचे सर्व सोबती एकाच वेळी दुप्पट होतात. हा भेद वरवर किरकोळ वाटेल. परंतु पुढे कोणती प्रत टिकणार हे पुष्कळदा त्यावरच ठरते. वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

ओहनो यांचा मासा :

जनुकाची जादा प्रत ही उत्क्रांतीचा कच्चा माल असावी, ही कल्पना १९३० च्या दशकातच जे. बी. एस. हॉल्डेन प्रभृतींनी मांडली होती. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.) पण या कल्पनेस सिद्धान्ताचे रूप दिले ते जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इव्होल्यूशन बाय जीन डुप्लिकेशन' या ग्रंथात. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. जनुक एकच असेल तर नैसर्गिक निवड त्यावर करडी नजर ठेवते. त्यात मोठा बदल झाला की जीव दगावतो. प्रती दोन असतील तर एक जुने काम सांभाळते आणि दुसरीस बदलण्याची मोकळीक मिळते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या ग्रंथाच्या तीन वर्षे आधी, १९६७ मध्ये, ओहनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्राण्यांच्या पेशी तपासल्या ते होते सायप्रिनिड कुळातील मासे. लहान बार्ब माशांत सुमारे ५० गुणसूत्रे, तर सायप्रिनस व गोल्डफिश यांत त्यांच्या मोजणीनुसार सुमारे १०४. डीएनएचे प्रमाणही जवळजवळ दुप्पट. म्हणजेच आपल्याकडे तळ्यात सोडला जाणारा हा सामान्य मासा एका मोठ्या सिद्धान्ताच्या पायाशी उभा आहे. आपल्या प्राणिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सायप्रिनसचे 'भरपूर वाढ देणारा विदेशी मासा' एवढेच वर्णन येते, याची खंत वाटते.

गुणसूत्रांच्या संख्येविषयी एक अनुभव नमूद करावासा वाटतो. कोल्चिसिन टोचून, कल्ल्यांच्या किंवा वृक्काच्या ऊतीपासून काचपट्टी तयार करून, जिम्सा रंगद्रव्य वापरून सायप्रिनसची गुणसूत्रे मोजण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, तर एका पट्टीवर ९६, दुसरीवर ९८, तिसरीवर १०२ अशी उत्तरे येतात. गुणसूत्रे अत्यंत लहान, एकमेकांवर पडलेली. ओहनो यांच्या १०४ आणि आजच्या सर्वमान्य १०० मधील फरक त्यामुळे समजण्यासारखा आहे. रोहूच्या पट्टीवर मात्र कोणी कितीही चुकला तरी आकडा ५० च्या आसपासच राहतो, आणि दुपटीचा मुद्दा विद्यार्थ्यास स्वतःच्या डोळ्यांनी पटतो.

ओहनो यांनी आणखी एक धाडसी तर्क केला होता : सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या आदिपूर्वजात जीनोमचे द्विगुणन झाले असावे. यास भक्कम पुरावा मिळण्यास तीन-चार दशके लागली. प्रत्येक महाविद्यालयाच्या संग्रहालयात बरणीत ठेवलेला अँफिऑक्सस येथे साक्षीदार ठरला. पाठीचा कणा नसलेल्या, परंतु आपल्या पूर्वजांशी जवळीक असलेल्या या प्राण्यात शरीराचा पुढचा-मागचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा एकच गट आहे. मानवात असे चार गट असून ते २, ७, १२ व १७ या गुणसूत्रांवर आहेत. अँफिऑक्ससचा जीनोम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या एकेका जनुकपट्ट्याशी मानवी जीनोममधील चार-चार पट्टे जुळतात हे स्पष्ट झाले. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, एकामागून एक अशी दोन द्विगुणने झाल्याचा हा ठसा होय. पुढे साधारण ३२ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी अस्थिमत्स्यांच्या एका मोठ्या शाखेत, म्हणजे आजच्या बहुतेक सर्व माशांच्या पूर्वजात, तिसरे द्विगुणन झाले. रोहूदेखील या तिसऱ्या द्विगुणनाचा वारस आहे. सायप्रिनसच्या वंशात, अंदाजे एक कोटी वर्षांपूर्वी, चौथे झाले; आणि ते दोन भिन्न जातींच्या संकरातून झाले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. उसाची आणि सायप्रिनसची कथा येथे एकत्र येते.

गमावणे हाच नियम :

दोन द्विगुणनांनंतर पृष्ठवंशी प्राण्यांत चौपट जनुके असावयास हवी होती. अँफिऑक्ससमध्ये सुमारे २० हजार प्रथिननिर्मितीची जनुके आहेत. त्या हिशेबाने मानवात ८० हजार असती. प्रत्यक्षात मानवातही ती २० हजारांच्याच आसपास आहेत. तेव्हा मिळालेल्या प्रतींपैकी बहुतांश हरवल्या, हे उघड आहे. लिंच आणि कोनेरी यांनी २००० मध्ये निरनिराळ्या सजीवांच्या जीनोमवरून असा अंदाज मांडला की, एकेकट्या द्विरावृत्त प्रतीचे सरासरी आयुष्य अवघे काही दशलक्ष वर्षांचे असते. जादा प्रतीत बिघाड झाला तरी मूळ प्रत काम करीत असल्याने त्या बिघाडास अटकाव होत नाही. बिघाड साचत जातात, प्रत मुकी होते आणि तिचे छद्मजनुक बनते. कालांतराने ओळखही उरत नाही.

माशांची कुळे या ऱ्हासाचे जणू टप्प्याटप्प्याने काढलेले छायाचित्र आहेत. सायप्रिनसचे द्विगुणन ताजे असल्याने त्याच्या जीनोममध्ये ५२ हजारांहून अधिक जनुके नोंदवली गेली आहेत. झेब्राफिशमध्ये ती २६ हजारांच्या घरात आहेत. सामन माशांच्या पूर्वजातील द्विगुणन आठ-दहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेथे जवळजवळ निम्म्या जोड्या शिल्लक आहेत. झेब्राफिशमध्ये तिसऱ्या द्विगुणनातून आलेल्या जोड्यांत एकूण जनुकांपैकी साधारण पाव जनुके आजही मोडतात. आरंभी झपाट्याने होणारी घट पुढे मंदावते. काही जोड्या तर ५० कोटी वर्षे झाली तरी तुटलेल्या नाहीत. या चिवट जोड्यांना ओहनो यांच्या स्मरणार्थ केन वुल्फ यांनी २००० मध्ये 'ओहनोलॉग' हे नाव दिले.

हरवणे हा नियम असेल, तर टिकणाऱ्यांचे रहस्य काय, हा खरा प्रश्न.

टिकण्याच्या वाटा :

ओहनो यांचे उत्तर होते नवे कार्य. याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्या डोळ्यांत आहे. मानवाच्या क्ष गुणसूत्रावर लाल व हिरवा प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुके शेजारी-शेजारी आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांत येथे एकच जनुक असते. जुन्या जगातील वानरांच्या पूर्वजात, सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी, ते दुप्पट झाले आणि एका प्रतीची संवेदनक्षमता थोडी सरकली. ३६४ अमिनो आम्लांपैकी जेमतेम १५ ठिकाणी भेद. पण तेवढ्याने हिरव्या पानांत पिकलेले फळ वेगळे दिसू लागले. या लाभास किंमतही आहे. दोन्ही जनुके इतकी सारखी आहेत की अदलाबदलीच्या वेळी गुणसूत्रे पुन्हा पुन्हा सरकून जुळतात. मग कोणास एकच प्रत मिळते, कोणास संमिश्र. पुरुषांमध्ये आढळणारे लाल-हिरवे रंगांधत्व मुख्यतः यातूनच उद्भवते. ज्या प्रक्रियेने दृष्टी दिली तीच प्रक्रिया ती हिरावूनही नेते.

परंतु उपकारक उत्परिवर्तने दुर्मीळ असतात. केवळ त्यांच्या भरवशावर इतक्या जोड्या टिकल्या असतील हे अवघड वाटते. १९९९ मध्ये फोर्स, लिंच, पोस्टलेथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे उत्तर सुचवले. एका जनुकास बहुधा अनेक चालू-बंद करणारे भाग असतात. एक भाग परात, दुसरा मेंदूत, असे ते निरनिराळ्या ठिकाणी जनुक कार्यरत करतात. दोन प्रती झाल्यावर पहिल्या प्रतीतील एक भाग बिघडला आणि दुसऱ्या प्रतीतील दुसरा, तर काय होईल? दोघींनी मिळूनच मूळ काम पुरे होईल आणि दोहोंपैकी एकही टाकता येणार नाही. एकत्र कुटुंबाची वाटणी होऊन थोरल्याकडे बैल आणि धाकट्याकडे औत गेले, की शेत नांगरण्यास दोघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नसते. तसाच हा प्रकार. येथे कोणतीही प्रगती झालेली नाही, नवे काही मिळालेले नाही. केवळ दोन बिघाडांमुळे जोडी अभेद्य झाली. उंदरातील एनग्रेल्ड-१ हे जनुक पुढच्या पायाच्या अंकुरात व पश्चमस्तिष्कातील चेतापेशींत, दोन्ही ठिकाणी कार्य करते. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. एक पराच्या अंकुरात, दुसरी चेतापेशींत. प्रस्तुत लेखकास हा विचार ओहनो यांच्या मूळ कल्पनेपेक्षाही अधिक मूलगामी वाटतो, कारण गुंतागुंत वाढण्यास उपयुक्तता असलीच पाहिजे ही आपली सहज समजूत तो मोडून काढतो.

तिसरी वाट प्रमाणाची आहे. पुष्कळ प्रथिने एकटी काम करीत नाहीत. ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन त्यांचे संकुल बनते. अशा संकुलातील एकाच घटकाचे जनुक दुप्पट झाले तर प्रमाण बिघडते आणि ते हानिकारक ठरते. परंतु सर्वच जनुके एकाच वेळी दुप्पट झाली तर प्रमाण कायम राहते. उलट त्यानंतर एखादी प्रत हरवणे हेच हानिकारक ठरते. मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेला भेद तो हा. त्यामुळे काही जनुके एकेकटी जवळजवळ कधीच दुप्पट होत नाहीत, मात्र संपूर्ण जीनोमच्या द्विगुणनानंतर हमखास जोडीने टिकतात. माकिनो आणि मॅक्लायसाट यांनी २०१० मध्ये मानवी जीनोममधील ओहनोलॉगांची तपासणी केली. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा झाल्याने डाउन लक्षणसमूह उद्भवतो. त्यास कारणीभूत असावीत असा ज्यांच्यावर संशय होता, त्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ओहनोलॉग निघाली. ५० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी पूर्वजात जे प्रमाण ठरले, ते ढळल्याचा परिणाम आज एखाद्या बालकात दिसतो.

चौथी वाट सर्वांत साधी : काही पदार्थ जितका जास्त तितका बरा. लाळेतील अमायलेज या विकराच्या जनुकाची प्रतसंख्या माणसामाणसांत वेगळी असते. कोणाकडे दोन, तर कोणाकडे दहा-बारा. पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांत ती सरासरीने अधिक असल्याचे २००७ मध्ये जॉर्ज पेरी व सहकाऱ्यांनी दाखवले. सोलापूरच्या ज्वारीची भाकरी सावकाश चावल्यावर जी गोडी लागते ती याच विकराची. कुत्र्यातही, माणसाच्या उष्ट्यावर वाढू लागल्यापासून, स्वादुपिंडातील अमायलेजच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत वाढल्या आहेत, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वाटा परस्परांपासून अलग नाहीत. प्रमाण राखण्यासाठी प्रथम टिकलेली जोडी पुढे कामाची वाटणी करू शकते, आणि वाटणी झालेल्या जोडीपैकी एकीस नंतर नवे कार्य सापडू शकते.

रक्तातील एक गल्ली :

या सर्व शक्यता एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर मानवाच्या अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिनचा पट्टा पाहावा. येथे एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती ओळीने मांडलेल्या आहेत : प्रथम एप्सिलॉन, नंतर गॅमाच्या दोन प्रती, त्यानंतर एक छद्मजनुक, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. एप्सिलॉन गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत काम करते, गॅमा त्यापुढील गर्भावस्थेत, आणि जन्मानंतर बीटा सूत्रे हाती घेते. छद्मजनुक मुके झाले आहे. डेल्टा जिवंत पण दुबळे असून त्यापासून बनणारे हिमोग्लोबिन ए-२ रक्तात केवळ दोन-तीन टक्के असते. हे दुबळे जनुक निरुपयोगी म्हणावे, तर थॅलेसेमियाचा वाहक ओळखण्यासाठी आपल्या प्रयोगशाळा याच ए-२ चे वाढलेले प्रमाण पाहतात.

महाराष्ट्रात या पट्ट्याचे महत्त्व पुस्तकी नाही. नंदुरबार, गडचिरोली आदी जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत आणि विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल आजार आढळतो. त्याचे मूळ बीटा जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे. आपल्याकडील सिकलसेल रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय गुणसूत्रप्रकारात गॅमा जनुक जन्मानंतरही काही प्रमाणात चालू राहते, आणि आफ्रिकेतील बऱ्याच रुग्णांच्या तुलनेत आजाराची तीव्रता पुष्कळदा कमी असते, ती यामुळे. सोळाव्या गुणसूत्रावरील अल्फा-ग्लोबिनच्याही दोन प्रती आहेत. असमान अदलाबदलीमुळे त्यांतील एक गळालेली असेल तर अल्फा-थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार होतो, आणि सिकलसेलच्या रुग्णास तोही काहीसा उपकारक ठरतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या जनुक-संपादन उपचारात बिघडलेले बीटा जनुक दुरुस्त केले जात नाही. गॅमाला झोपवणारी कळ निकामी करून जुनी प्रत पुन्हा जागी केली जाते. काही कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या जोडीचा येथे असा उपयोग होतो.

महसीरची अडचण :

आता पुन्हा भीमेकडे. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या महसीरास 'खुदरी' हे स्थानिक मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. आज तो 'टोर खुदरी' म्हणून जगास ठाऊक आहे. मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते. तेव्हा हा मासा आपल्याच खोऱ्यातला. धरणे, दूषित पाणी आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो विरळ झाला. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरचे कृत्रिम प्रजनन हाती घेतले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्यावर मूलभूत काम केले. तेथील मत्स्यबीज देशभर गेले.

येथेच कथा गुंतागुंतीची होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीत टोर खुदरी सोडण्यात आला आणि तेथे तो इतका फोफावला, की कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे हटला. हा मासा कोणत्या जातीचा हेदेखील तोवर निश्चित नव्हते. तो 'टोर रेमादेवी' असल्याचे २०१८ मध्ये दाखवण्यात आले, आणि लगोलग तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. खुदरी मात्र आता संकटग्रस्त यादीतून बाहेर आहे. एका जातीस वाचवताना दुसरी बुडाली. आणि ती बुडेपर्यंत तिचे नावही ठरले नव्हते.

अशी चूक पुन्हा होऊ नये यासाठी जनुकीय तपासणीचा आग्रह धरला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु महसीरची १०० गुणसूत्रे येथे आडवी येतात. रोहूसारख्या माशात एखाद्या जनुकाची दोन भिन्न रूपे दिसली, तर ती आई व वडिलांकडून आलेली आहेत असे मानता येते. महसीरमध्ये मात्र त्याच रसायनांनी दोन द्विरावृत्त प्रती एकाच वेळी उचलल्या जातात. मग चार पट्ट्या दिसतात; किंवा दोनच दिसतात, पण त्या एका जनुकाची दोन रूपे नसून दोन निरनिराळी जनुके असतात. तपासणाराने हे ओळखले नाही, तर प्रत्येक मासा 'संकरित' किंवा 'विपुल विविधता असलेला' भासतो. नात्यागोत्यातच प्रजनन होऊन खंगत चाललेला एखाद्या पैदास केंद्रातील साठाही कागदावर निरोगी ठरतो. सायप्रिनस व महसीर यांची गुणसूत्रसंख्या समान असली, तरी त्यांच्या वंशांतील संकर एकच होता की वेगवेगळे, यावर संशोधकांत चर्चा चालू आहे. म्हणून सायप्रिनसच्या जीनोमवरून बनवलेल्या खुणा महसीरला जशाच्या तशा लावणे धोक्याचे.

मातेकडूनच येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर ही अडचण येत नाही, आणि आपल्याकडील बरेचसे काम त्यावरच झाले आहे. पण संकर झाला आहे की नाही, या मुख्य प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही; पित्याचा वाटा त्यात येतच नाही. केंद्रकातील जनुकेच तपासावी लागतात, आणि त्यासाठी दोन प्रतींत कोठे फरक पडला आहे हे आधी ठाऊक असावे लागते. व्यवहारात याचा एक सोपा मार्ग आहे. ज्ञात माता-पित्यांची पैदास करून पिलांमध्ये प्रत्येक पट्टी कशी उतरते ते पाहावयाचे. दोन पट्ट्या एका जनुकाची रूपे असतील तर दोन्ही पट्ट्या असलेल्या मातेच्या प्रत्येक पिलास तिच्याकडून त्यांपैकी एकच मिळेल. त्या दोन स्वतंत्र जनुकांच्या असतील, तर सर्व पिलांमध्ये दोन्ही दिसतील. मेंडेलच्या वाटाण्याइतकाच हा प्रयोग साधा आहे. मत्स्यबीज केंद्र असलेल्या कोणत्याही जिल्ह्यातील महाविद्यालयास तो पदव्युत्तर प्रकल्प म्हणून पेलण्यासारखा आहे; त्यासाठी लागतात नोंद ठेवलेली एक जोडी, पन्नासेक पिले आणि प्रत्येकाच्या पराचा नखाएवढा तुकडा.